हँडलची रवी: साय गरगर फिरते, लोणी येत नाही

तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्यातली असते. काचेची बरणी, झाकणावर गिअरचा डबा, बाजूला हँडल, आत पात्यांची रवी. नवं असताना पहिल्या दोन-तीन खेपांना लोणी झटकन आलं. मग एक दिवस अर्धा तास फिरवूनही बरणीत नुसता फेस. पुढच्या वेळी पुन्हा सगळं सुरळीत. त्याच्या पुढच्या वेळी परत फेस, आणि खांदा भरून आला तो वेगळाच. माणूस वैतागून आणखी जोरात फिरवतो, गिअरचा दाता तुटतो आणि यंत्र माळ्यावर जाऊन बसतं.

माझंही असंच झालं होतं. मी ते तीनदा खोललं आणि त्यात दोनदा चुकीचा भाग बदलला. आधी गिअर बदलले, मग पाती. दोन्ही वेळा एखादी खेप बरी गेली आणि मला वाटलं, सुटलं. खरा दोष गिअरमध्ये नव्हता आणि पात्यांतही नव्हता. दोरीच्या रवीला हँडल जोडताना तिच्यातली एक गोष्ट वगळली गेली आणि तिची भरपाई कोणी केली नाही, हा तो दोष. त्याकडे येतोच. पण त्याआधी सायीची झडती घ्यायला हवी, कारण निम्म्या वेळा यंत्राला उगाच बोल लागतो.

आधी साय तपासा

पहिला प्रश्न: दूध होमोजिनाइज केलेलं आहे का? पिशवीवर किंवा डब्यावर तसं लिहिलेलं असतं. दुधातले चरबीचे गोलक सरासरी ३ ते ४ मायक्रॉनचे असतात. होमोजिनायझरमध्ये ते फोडून एखाद्या मायक्रॉनच्या आसपास आणतात आणि त्यांच्याभोवती दुधातल्या प्रथिनांचं नवं कवच चढतं. असं दूध नीट साय धरत नाही आणि त्याचं लोणीही सहजी निघत नाही. मग कितीही चांगली रवी असो. टिकाऊ डब्यातल्या क्रीममध्ये घट्टपणा टिकवणारे पदार्थ घातलेले असतील तर तेही असंच छळतं.

दुसरा प्रश्न तापमानाचा, आणि इथे अंदाज चालत नाही, थर्मामीटर लागतो. घुसळताना हवेचे बुडबुडे सायीत शिरतात, गोलक त्या बुडबुड्यांना चिकटतात, त्यांचं पातळ कवच फाटतं आणि एक गोलक दुसऱ्याला जाऊन जुळतो. हे जुळणं घडायला आतली चरबी अर्धी घट्ट, अर्धी पातळ हवी. पूर्ण घट्ट असेल तर गोलक एकमेकांवर आपटून परत फिरतात. फार पातळ असेल तर लोणी तेलकट, लिबलिबीत निघतं आणि बरीचशी चरबी ताकातच राहते. गोड सायीसाठी साधारण १० ते १४ अंश सेल्सिअस धरा. बाहेर उकाडा असेल तर खालचं टोक, थंडी असेल तर वरचं. म्हशीच्या दुधाची चरबी गायीपेक्षा घट्ट असते, त्यामुळे तिला एखाद-दोन अंश जास्त चालतात. चाऱ्यानेही फरक पडतो. भरपूर हिरवा चारा मिळाला की चरबी मऊ होते, सरकीची पेंड वाढली की कडक होते. ऋतू बदलला की यंत्र ‘बिघडतं’ त्याचं हे एक साधं कारण. यंत्र तेच असतं, चरबी बदललेली असते.

तापमानातला एक चकवा मला बराच उशिरा कळला. साय घाईघाईने बर्फाच्या पाण्यात ठेवली, थर्मामीटरने १२ अंश दाखवले, घुसळायला घेतली आणि लोणी लिबलिबीत. १२ अंशांना सायीचं पाणी आलं होतं, पण गोलकांतली चरबी अजून गोठायचीच होती. एवढ्याशा गोलकात स्फटिक तयार व्हायला तास लागतात. म्हणून साय आदल्या रात्रीच थंड करून ठेवायची आणि सकाळी हवं त्या तापमानाला आणायची. सायीची ही रात्रभराची विश्रांती टाळून कोणतंही यंत्र चांगलं चालत नाही.

चरबीचं प्रमाण ३० ते ४० टक्क्यांच्या आसपास असलं की काम सोपं जातं. तापवलेल्या दुधावरची जाड साय फार दाट असते. रवी तिच्यात स्वतःपुरती गुहा कोरते आणि त्या गुहेत फिरत राहते, बाहेरची साय जागची हलत नाही. अशा वेळी थोडं थंड पाणी घालून ती सैल करायची. उलट, आख्खं दही घुसळणार असाल तर त्यात चरबी मुळातच थोडी असते, म्हणून वेळ जास्त धरायचा. आंबटपणा मात्र मदतीला येतो: विरजलेली साय गोड सायीपेक्षा लवकर फुटते.

आणि बरणी भरायची ती तिसऱ्या हिश्शापासून फार तर अर्ध्यापर्यंत. हवा शिरली की साय फुगते. गळ्यापर्यंत भरलेल्या बरणीत फेस झाकणाला टेकतो, मग त्याला आपटायला जागाच उरत नाही. या एका चुकीपायी जितकी यंत्रं बदनाम झाली आहेत तितकी दुसऱ्या कशाने झाली नसतील.

हे सगळं बरोबर असूनही खेप फसत असेल तर पुढे वाचा.

पाण्याची चाचणी

साय बाजूला ठेवा. बरणीत निम्म्यापर्यंत साधं पाणी घ्या, त्यात भिजलेल्या कागदाचे चार-पाच कपटे टाका आणि नेहमीच्या वेगाने हँडल फिरवा. कपटे रवीबरोबर गोल गोल फिरत असतील, मध्ये खोल भोवरा पडला असेल आणि हँडल अगदी हलकं लागत असेल, तर दोष सापडला. पाणी आणि पाती दोघंही एकाच दिशेने, जवळजवळ एकाच वेगाने पळताहेत. पात्याला पाणी कापायला मिळतच नाही. रवी फिरते, द्रव फिरतो, घुसळण होत नाही.

आता दोरीची रवी आठवा. डाव्या हाताने ओढली की एका दिशेला फिरते, उजव्या हाताने ओढली की उलट. दांडा तीन सेंटिमीटर जाड असेल तर त्याचा घेर साडेनऊ सेंटिमीटरच्या आत-बाहेर येतो. हातभर, म्हणजे साधारण ४५ सेंटिमीटर दोरी ओढली की रवीचे पावणेपाच वेढे होतात आणि लगेच दिशा पालटते. ताक एका दिशेने फिरू लागतं न लागतं तोच पातं समोरून येऊन त्याला धडकतं. दर ओढीला असं. भोवरा धरायला सवडच मिळत नाही. दट्ट्याच्या उभ्या घुसळणीतही तेच, खाली-वर, खाली-वर.

हँडल आणि गिअर आले आणि दिशा कायमची एक झाली. हात मोकळा झाला, एकट्याला बसून फिरवता येऊ लागलं, सगळं खरं. पण धडक गेली. गोल, गुळगुळीत बरणीत एका दिशेने फिरणारं पातं हे भोवरा तयार करायचं उत्तम यंत्र आहे, घुसळायचं नाही. कधीकधी लोणी येतं ते साय जरा दाट असते म्हणून, किंवा बरणी टेबलावर हलते, दचकते म्हणून. म्हणूनच एक खेप साधते आणि दुसरी फसते.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत सेंट लुईसच्या डेझी कंपनीची हँडलची यंत्रं घरोघरी गेली. त्यांच्या काचेच्या बरण्या चौकोनी असत. चौकोनी बरणीत कोपरे फिरत्या द्रवाला अडवतात, हा त्या आकाराचा मोठा फायदा. नंतर ज्यांनी स्वस्तात पडते म्हणून गोल बरणी घेतली, त्यांनी कोपऱ्यांबरोबर तो अडथळाही घालवला.

पिंजरा

उपाय म्हणजे अडथळा परत आणणं. मोठ्या कारखान्यांतल्या ढवळायच्या टाक्यांमध्ये भिंतीलगत उभ्या पट्ट्या असतात, बहुधा चार, आणि प्रत्येकीची रुंदी टाकीच्या व्यासाच्या दहाव्या ते बाराव्या हिश्शाइतकी. तोच हिशेब बरणीला लावायचा. आतून २० सेंटिमीटर व्यास असेल तर पट्टी १७ ते २० मिलिमीटर रुंद.

काचेला आतून पट्ट्या चिकटवायच्या नाहीत. कुठलाही चिकट पदार्थ सायीत नको आणि मागे राहिलेली फट धुता येत नाही. पट्ट्या झाकणाला टांगायच्या. स्टीलच्या पत्र्याची एक कडी झाकणाखाली बसवा, तिच्यापासून तीन किंवा चार पट्ट्या खाली सोडा आणि खालच्या टोकांना दुसरी बारीक कडी जोडा, म्हणजे पट्ट्या लवणार नाहीत. झाला पिंजरा. झाकण उचललं की तो रवीसकट बाहेर येतो. बरणीचं तोंड पोटापेक्षा अरुंद असेल तर मात्र पिंजरा आत जात नाही. मग दोनच पट्ट्या बिजागरीवर लावून आत गेल्यावर उघडायच्या, किंवा पुढे दिलेली दांडा सरकवण्याची युक्ती वापरायची.

पट्टी भिंतीला टेकवू नका, तीन-चार मिलिमीटर फट ठेवा, नाहीतर मागच्या कोपऱ्यात लोणी अडकून बसतं. आतल्या बाजूने पात्याचं टोक आणि पट्टी यांच्यात निदान १५ ते २० मिलिमीटर मोकळं हवं. हे अंतर कमी केलं की घुसळण जोरदार होते असं वाटतं आणि सुरुवातीला होतेही. पण शेवटी लोण्याचा गोळा तिथे सापडतो आणि गिअरचा दाता जातो. माझ्या पहिल्या पिंजऱ्यात मी ८ मिलिमीटर ठेवले होते. दाता गेला.

पिंजरा जमत नसेल तर दुसरी युक्ती: रवीचा दांडा मधोमध न ठेवता बाजूला सरकवा, व्यासाच्या सहाव्या-आठव्या हिश्शाइतका. किंवा दांडा दहा-पंधरा अंश तिरका बसवा. दोन्हींनी भोवरा मोडतो. पण झाकणावर भोक नव्याने पाडावं लागतं आणि बाजूचा ओढा वाढून बुश, म्हणजे दांडा ज्यात फिरतो ती नळी, लवकर झिजतो. मला पिंजराच आवडतो.

पुन्हा पाण्याची चाचणी करा. कपटे आता खाली बुडताना आणि भिंतीलगत वर येताना दिसायला हवेत. हँडल जड लागेल. ते बरोबर आहे, कारण आता हाताची ताकद पाण्यात उतरते आहे.

जड झालेलं हँडल हलकं कसं करायचं

इथे बहुतेक जण गिअर बदलायला धावतात. थांबा, आधी पातं बघा. पातळ द्रवात ढवळण्याचा भार वेगाच्या घनाने आणि पात्याच्या व्यासाच्या पाचव्या घाताने वाढतो. वेग दहा टक्के वाढवला तर भार तेहतीस टक्के वाढतो. व्यास दहा टक्के कमी केला, समजा दहा सेंटिमीटरचा नऊ, तर भार ४१ टक्के उतरतो. साय फुगून घट्ट झाली की हे गणित सैल पडतं, पण दिशा तीच राहते. म्हणून पातं आधी जरा मोठं करा, बरणीच्या व्यासाच्या निम्म्याएवढं, आणि मग दर खेपेला थोडं थोडं कापत हाताला सोसेल तिथे थांबा. उलटं करता येत नाही, कापलेलं पातं वाढत नाही. लाकडी पात्यावर हे काम घरच्या कानशीने होतं.

मग हँडलची लांबी. यंत्र सुटसुटीत दिसावं म्हणून बनवणारे सात-आठ सेंटिमीटरचं हँडल देतात. तेच काम १५ सेंटिमीटरच्या हँडलने जवळपास निम्म्या जोरात होतं. मिनिटाला साठ फेऱ्या हा हाताला सोसणारा ठेका आहे, सेकंदाला एक. त्याहून वेगात फिरवायला लागलं तर दमवतो तो भार नव्हे, स्वतःचाच हात पुढेमागे फेकण्याचा त्रास. आणि मूठ खिळ्याभोवती मोकळी फिरलीच पाहिजे. घट्ट बसवलेल्या मुठीने तळहाताला फोड येतात आणि माणूस म्हणतो यंत्र जड आहे.

लांब हँडलबरोबर यंत्र टेबलावर सरकायला लागतं. बरणी मांडीत धरून फिरवणं हा उपाय नव्हे, तसं करणाऱ्याचं अर्धं बळ बरणी धरण्यातच जातं. टेबलाच्या कडेला शिकंजाने आवळता येईल असा पाट करा, बरणीच्या बुडाला बसेल अशी खाच त्यात कोरा आणि हँडलचा मध्य उभ्याने कोपराच्या उंचीला येईल असं बघा. माझ्या खांद्याचं दुखणं निम्मं तर या एका बदलाने गेलं.

गिअरचं प्रमाण साधारण एकास चार पुरतं, म्हणजे रवीला मिनिटाला २४० फेऱ्या. १० सेंटिमीटरच्या पात्याचं टोक त्या वेगाला सेकंदाला सव्वा मीटर जातं. एकास सात-आठचे गिअर विकले जातात, फिरवून दाखवताना छान गरगरतात. पण भोवरा मोडला नसेल तर त्या वेगाचा उपयोग नाही, आणि मोडला असेल तर तो वेग हाताला झेपत नाही.

जडचाकाबद्दल अनेक जण सुचवतात: हँडलला जड चाक लावा, झटके बसणार नाहीत. हिशेब करून बघितला. दीड किलोची कड, १२ सेंटिमीटर त्रिज्या. हँडलच्या आसावर, मिनिटाला ६० फेऱ्यांना, तिच्यात अर्धा ज्यूलसुद्धा साठत नाही. एका फेरीत हात वीसेक ज्यूल देत असेल तर हे मीठसुद्धा नव्हे. तेच चाक रवीच्या आसावर लावलं तर वेग चौपट, साठा सोळापट, म्हणजे पावणेसात ज्यूल. तिथे फरक कळतो. पण लोणी अडकलं की तेच चाक थांबायला तयार नसतं आणि सगळा धक्का पात्यावर आणि दांड्यावर येतो. मी ते काढून टाकलं.

दाते का तुटतात

घुसळणीत भार सारखा नसतो, ही गोष्ट गिअर बनवणारे विसरतात. सुरुवातीला साय पातळ, हँडल हलकं. मग ती फुगते, घट्ट होते, आवाज बुजतो, हँडल जड. बरेच जण इथेच हार मानतात, खरं तर लोणी जवळ आलेलं असतं. मग अचानक फेस मोडतो, काचेवरचा पांढरा थर खाली घसरतो, छपाक छपाक आवाज येऊ लागतो आणि हँडल एकदम हलकं. आता ताकात दाणे दिसतात. दाणा मोहरीहून मोठा आणि वाटाण्याहून लहान झाला की थांबायचं. पुढे फिरवत राहिलात तर गोळा होतो, ताक त्याच्या पोटात कोंडतं आणि तो गोळा पात्यावर आदळू लागतो. दाते तुटतात ते बहुधा या शेवटच्या दोन मिनिटांत, कौतुकाने मोठा गोळा बघायच्या नादात.

कटकट आवाज येत असेल तर दाते झिजले असा निष्कर्ष लगेच काढू नका. झाकण प्लास्टिकचं असेल तर भार आल्यावर ते वाकतं, दोन गिअर एकमेकांपासून दूर जातात आणि दाते घसरतात. झाकण एका हाताने वरून दाबून फिरवा. आवाज थांबला तर झाकणाखाली स्टीलची पट्टी लावून ते कडक करा, गिअर शाबूत आहेत. नाही थांबला तर दात्यांमधली फट बघा: वहीच्या कागदाची पट्टी दात्यांमध्ये घालून फिरवली की ती चुरगळून बाहेर यावी, फाटू नये. पातळ वॉशर घालून किंवा काढून एवढं जमवता येतं.

नवे गिअर कापून घेणार असाल तर दात्यांची संख्या विचारपूर्वक सांगा. ५२ आणि १३ म्हणजे नेमकं एकास चार, पण मग लहान गिअरचा प्रत्येक दाता मोठ्याच्या त्याच चार दात्यांना जन्मभर भेटतो. त्यातल्या एकाला खरचटलं की तोच तोच जोडीदार झिजतो. ५१ आणि १३ घेतले तर प्रमाण जेमतेम बदलतं आणि प्रत्येक दाता प्रत्येक दात्याला आळीपाळीने भेटतो. लहान गिअर जास्त फिरतो, तेव्हा तो कठीण धातूचा असू द्या आणि मोठा नायलॉनचा. अशी जोडी आवाजही कमी करते.

आणि एक कच्चा दुवा मुद्दाम ठेवा. रवी दांड्याला जिथे जोडली जाते तिथे स्टीलच्या पिनेऐवजी बारीक लाकडी काडी घाला. गोळा अडकला की काडी तुटेल, दाता वाचेल. काडी दोन मिनिटांत बदलता येते.

दांडा, गळती आणि वास

लांब, बारीक दांडा घट्ट सायीत लवलवतो, पाती बरणीला घासतात. यावर उपाय म्हणून बरणीच्या बुडाला खोबण करून दांड्याचं टोक त्यात बसवतात. माझ्या मते ही चूक आहे. त्या खोबणीत साय साचते, पुरती धुतली जात नाही, आणि पुढच्या खेपेच्या लोण्याला वास येतो. त्यापेक्षा दांडा जाड करा. ८ मिलिमीटरचा १० केला की त्याचा ताठपणा जवळजवळ अडीचपट होतो. शिवाय जेवढा आखूड करता येईल तेवढा करा, पात्याखाली बुडापर्यंत एक-दीड सेंटिमीटर मोकळं राहिलं तर पुरे.

झाकणाच्या भोकातून साय वर चढून गिअरमध्ये जाते, किंवा गिअरचं ग्रीस खाली येतं. रबरी सील लावला तर दांडा जड फिरतो आणि सील लवकर जातो. सील नको. झाकणाच्या खाली, दांड्यावर एक छोटी उलटी वाटी किंवा गोल चकती घट्ट बसवा. वर चढणारी साय फिरत्या चकतीवरून बाजूला फेकली जाते. वरून ठिबकणारं ग्रीस झेलायला चकतीच्या वरच्या अंगाला कड उचललेली ठेवा. ग्रीस कोणतंही असलं तरी ते खाद्यपदार्थांच्या यंत्रांसाठीचंच वापरा, आणि थोडंच. झाकणात हवेसाठी एक भोकही हवं, जाळी लावलेलं. आंबवलेल्या सायीतून घुसळताना वायू सुटतो आणि घट्ट बंद बरणीत दाब धरतो.

तांब्या-पितळेचे भाग सायीला लागू देऊ नका. तांब्याचा अंशही चरबी लवकर खवट करतो. गंजलेलं लोखंडही तसंच. स्टील किंवा लाकूड. लाकडी पाती वापरत असाल तर घुसळण्याआधी उकळत्या पाण्यात आणि लगेच गार पाण्यात बुडवा. ओल्या, गार लाकडाला लोणी चिकटत नाही, कोरड्याला असं धरतं की खरवडून काढावं लागतं. काचेच्या बरणीवर हा प्रयोग करू नका, तडकेल.

पिंप फिरवणाऱ्यांसाठी थोडं

ज्यांचं यंत्र म्हणजे आडव्या आसावर उलटंपालटं होणारं पिंप आहे, त्यांची तक्रार वेगळी असते, पण चूक तीच: जोरात फिरवणं. पिंपात साय वर जाऊन धपकन खाली पडायला हवी. एका मर्यादेपलीकडे वेग गेला की ती भिंतीला चिकटून पिंपाबरोबर फिरू लागते, पडतच नाही. आसापासून भिंत २० सेंटिमीटरवर असेल तर ही मर्यादा मिनिटाला ६७ फेऱ्या येते. पन्नासच्या आसपास ठेवा आणि कान लावून ऐका. धप आवाज दर फेरीला आला पाहिजे. आवाज बंद झाला तर हळू करा. पिंपाला पिंजरा लागत नाही, आत एखादी आडवी फळी असली तर उत्तम.

तापत का जातं

शेवटची एक तक्रार, बऱ्याच जणांनी केलेली: सुरुवातीला १२ अंश होते, संपताना १८. यंत्राच्या घर्षणाने? नाही. माणूस जीव तोडून वीस मिनिटं ३० वॅट देत राहिला तरी चार किलो साय त्याने फार तर अडीच अंश तापते, आणि घरगुती रवी एवढी ताकद घेतच नाही. बाकीची ऊब खोलीतून येते, पातळ काचेतून. बरणीभोवती ओलं जाड फडकं गुंडाळा, पाटाच्या खाचेत बर्फाचं पाणी राहील अशी कड करा आणि पाती-पिंजरासुद्धा सायीबरोबर रात्री फ्रिजमध्ये ठेवा. पिंजरा गार असण्याचा आणखी एक फायदा मला नंतर दिसला: उबदार पट्ट्यांवर लोण्याचा थर चढून बसायचा आणि दर खेपेला तो बोटाने निपटून काढावा लागायचा. गार पट्ट्यांवरून तो आपोआप सुटून ताकात पडतो.